क्रिएटिनिन वाढलं म्हणून हार्ट फेल्युअरची औषधं थांबवायची का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. ६२ वर्षांचे गृहस्थ, पूर्वी हार्ट अटॅक, मधुमेह, ईएफ (हृदय दर ठोक्याला बाहेर टाकतं त्या रक्ताचं प्रमाण) २८ टक्के. हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होते. डिस्चार्जच्या दिवशी बीपी १०८/६८, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.५, पोटॅशियम ४.६. चिठ्ठीवर सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ५० मिलिग्रॅम दोनदा, स्पायरोनोलॅक्टोन २५, मेटोप्रोलॉल सक्सिनेट (बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके मंद करणारं) २५, फ्युरोसेमाइड (डाययुरेटिक, लघवीवाटे पाणी काढणारं) ४० दोनदा. शिवाय जुनी ॲम्लोडिपिन ५, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालूच. दोन आठवड्यांनी बीपी ९६/६०, क्रिएटिनिन १.९, पोटॅशियम ५.३. चक्कर नाही, दम बराच कमी, पायांवर सूज नाही, वजन डिस्चार्जपेक्षा तीन किलो खाली. तुम्ही सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन थांबवलं. आता विचारताय की हे बरोबर झालं का, औषधं पुन्हा कोणत्या क्रमाने सुरू करायची आणि क्रिएटिनिन किती वाढेपर्यंत थांबायचं.

माझं मत स्पष्ट आहे. ती दोन औषधं थांबवायची वेळ आली नव्हती. काढायचं होतं ते ॲम्लोडिपिन, आणि कमी करायचा होता तो फ्युरोसेमाइडचा डोस. सूज नाही, दम कमी, तीन किलो वजन उतरलंय आणि बीपी खाली आलंय, असा रुग्ण बहुधा कोरडा पडलेला असतो. ज्या गोळ्यांनी आयुष्य वाढतं त्या गेल्या आणि जिच्यामुळे नुसती लघवी होते ती राहिली. हे सर्रास घडतं, आणि काळजीपोटीच घडतं. रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा पाहिला की काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही, आणि सगळ्यात नवीन औषधावर पहिला संशय जातो. म्हणून पहिला आग्रह हा, की आकडा का बदलला याचं उत्तर मिळेपर्यंत औषधाला हात लावू नका. आकडे पुढे दिलेल्या थांबवण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेत, लघवी बंद झालीय, रुग्ण शॉकमध्ये आहे, हे अपवाद अर्थातच वेगळे.

आता क्रिएटिनिन वाढतं कसं ते पाहू, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. हार्ट फेल्युअरमध्ये किडनीकडे रक्त कमी येतं. अशा वेळी अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक ग्लोमेरुलसमधून, म्हणजे किडनीच्या गाळणीतून, बाहेर जाणारी धमनिका आवळून धरतं आणि गाळणीतला दाब टिकवतं. अँजिओटेन्सिनला अडवणारं औषध, म्हणजे एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन दिलं की ही पकड सैल होते, दाब थोडा उतरतो आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. यात ट्यूब्यूलच्या पेशी मेलेल्या नसतात. एसजीएलटी-२ औषधं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) दुसऱ्या टोकाने जवळपास तेच साधतात. किडनीतल्या मॅक्युला डेन्सापाशी (मीठ ओळखणाऱ्या पेशी) जास्त सोडियम पोचतं, आत येणारी धमनिका आकसते, पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) साधारण ३ ते ५ ने घसरतो आणि तिथे स्थिरावतो. पुढे तो प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा हळू उतरतो. औषध थांबवलं की सुरुवातीची घसरण भरून येते.

औषधामुळे चढलेलं क्रिएटिनिन आणि रोगामुळे चढलेलं, हा फरक कागदावरचा नाही. एनालाप्रिल या एसीई इनहिबिटरच्या १९९१ च्या सॉल्व्ह्ड ट्रायलमधल्या रुग्णांची माहिती नंतर पुन्हा तपासली गेली. सुरुवातीच्या आठवड्यांत किडनीचं काम मंदावणं प्लासिबो गटात वाढलेल्या मृत्यूंशी जोडलेलं होतं. एनालाप्रिल गटात तसं दिसलं नाही. एकच आकडा, पण एका गटात तो रोग बळावल्याची खूण होता, दुसऱ्यात औषध काम करतंय याची.

कोरडं पडणं आणि औषधाचा परिणाम यांशिवायचं तिसरं कारण पुष्कळदा नजरेतून सुटतं, ते म्हणजे अंगात साठलेलं पाणी. शिरांमधला दाब वाढला की किडनीतून रक्त बाहेर पडायलाच अडतं, गाळणीच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक कमी होतो आणि क्रिएटिनिन चढतं. इथे फ्युरोसेमाइड कमी करणं म्हणजे रुग्णाला पुन्हा ॲडमिशनच्या दिशेने ढकलणं. डोस वाढवला, पाणी निघालं, की हेच क्रिएटिनिन खाली येतं.

म्हणजे १.९ हा आकडा तीन अगदी वेगळ्या रुग्णांचा असू शकतो. एकाचं फ्युरोसेमाइड कमी करायचं, एकाचं वाढवायचं आणि एकाला काहीच न करता आठवड्याने रक्त तपासायचं. लॅबचा कागद हे वेगळं करून देणार नाही, रुग्णाला टेबलावर झोपवून पाहावं लागतं. ४५ अंशांवर मानेच्या शिरा पाहा, यकृतावर दाब देऊन त्या भरतात का पाहा. रात्री किती उशा लागतात, वाकून चप्पल घालताना दम लागतो का, हे विचारा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी बीपी मोजा. हातात सोनोग्राफीचा प्रोब असेल तर आयव्हीसी (पोटातली मोठी शीर) आणि फुप्फुसातल्या बी-लाइन्स (पाणी असल्याची खूण) पाहायला पाच मिनिटं पुरतात. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) डिस्चार्जच्या वेळचं असेल तर तुलनेला उपयोगी पडतं. साधं बीएनपी मात्र सॅक्युबिट्रिल चालू असताना फसवतं, कारण नेप्रिलायसिन हे एन्झाइम ते मोडतं आणि आपण नेप्रिलायसिनच अडवलेलं असतं. एनटी-प्रोबीएनपीवर हा परिणाम होत नाही.

आता मर्यादा. २०२१ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनुसार एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन मूळच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी चालतं, मात्र ते ३ च्या वर किंवा ईजीएफआर २५ च्या खाली जाता कामा नये. पोटॅशियम ५.५ पर्यंत चालतं. तुमच्या रुग्णात वाढ २७ टक्के आहे, पोटॅशियम ५.३. दोन्ही मर्यादेच्या आत. क्रिएटिनिन दुप्पट झालं, ३.५ च्या वर गेलं किंवा पोटॅशियम ५.५ ओलांडून गेलं, तर औषध थांबवून कारण शोधायचं. स्पायरोनोलॅक्टोनसाठी हिशेब थोडा वेगळा. पोटॅशियम ५.५ च्या वर किंवा क्रिएटिनिन २.५ च्या वर गेलं तर डोस निम्मा, पोटॅशियम ६ च्या वर किंवा क्रिएटिनिन ३.५ च्या वर गेलं तर लगेच बंद.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगतो, कारण तरुण सहकाऱ्यांचा घोळ नेमका इथेच होतो. औषध सुरू करण्याची रेषा आणि चालू औषध थांबवण्याची रेषा या दोन वेगळ्या रेषा आहेत. स्पायरोनोलॅक्टोन नव्याने सुरू करायचं तर पोटॅशियम ५ किंवा त्याखाली हवं. चालू असलेलं मात्र ५.३ ला थांबवायचं नसतं. त्यामुळे ५.३ ला बंद केलंत की ते पुन्हा सुरू करण्याची अट आपणच कडक करून घेतो, आणि मग महिनोन्‌महिने 'पुढच्या वेळी पाहू' असं होत राहतं. थांबवलेलं औषध आपोआप परत येत नाही. ज्याने थांबवलं त्यानेच ते परत कधी सुरू करायचं याची तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावी.

बीपीकडे वळू. ९६/६० आणि चक्कर नाही. हे लो बीपी नाही, हे या रुग्णाचं बीपी आहे. ईएफ २८ असलेल्या माणसाचं सिस्टोलिक ९५ ते १०५ मध्ये राहणार हे मनाशी पक्कं करून ठेवा आणि घरच्यांनाही पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर घरच्या मशीनवर ९८ दिसलं की ते स्वतःच गोळी बंद करतात. चक्कर असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, हातपाय गार पडत असतील, लघवी कमी होत असेल, तर प्रश्न वेगळा. तसं काही नसेल तर आकड्यावर उपचार करू नका.

आणि उपचार करायचेच असतील तर या क्रमाने करा. आधी ती औषधं काढा जी बीपी उतरवतात पण या रुग्णाचं आयुष्य वाढवत नाहीत. ॲम्लोडिपिन कमी ईएफमध्ये घातक नाही, पण फायदाही देत नाही आणि बीपीची जागा अडवून बसतं. छातीत दुखत नसेल तर नायट्रेटची गरज काय, हे विचारा. टॅम्सुलोसिनबद्दल यूरोलॉजिस्टशी बोला, निदान ते रात्री झोपताना द्या. त्यानंतर डाययुरेटिक. मग गोळ्यांच्या वेळा विभागा, सगळं सकाळी आठला एकदम नको. एवढं करूनही त्रास राहिला तरच मुख्य औषधांपैकी एकाचा डोस अर्धा करा. अर्धा डोस आणि शून्य डोस यांत फार मोठं अंतर आहे. डिल्टियाझेम किंवा वेरापामिल चालू असेल तर ते मात्र तसंही कमी ईएफमध्ये नकोच.

याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. ट्रायलमध्ये घेतलेल्या रुग्णांचं बीपी फार कमी नव्हतं. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनच्या २०१४ च्या पॅराडाइम-एचएफमध्ये स्क्रीनिंगला सिस्टोलिक निदान १०० आणि रँडमायझेशनला निदान ९५ हवं होतं. शिवाय आधी रन-इन (सगळ्यांना औषध देऊन पाहण्याचा) टप्पा होता, त्यात न झेपणारे गळाले. डापाग्लिफ्लोझिनच्या २०१९ च्या डापा-एचएफमध्येही ९५ ची अट होती. त्यामुळे ८५ सिस्टोलिक असलेल्या रुग्णाला सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन रेटून देण्यामागे पुरावा नाही, आणि तसं मी सुचवतही नाही. कार्वेडिलोलच्या २००१ च्या कोपर्निकस ट्रायलने मात्र ८५ पर्यंतचे, गंभीर पण पाणी न साठलेले रुग्ण घेतले होते आणि त्यांतही मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. एसजीएलटी-२ औषधांचा बीपीवरचा परिणाम मुळातच थोडा, आणि ज्यांचं बीपी आधीच कमी त्यांच्यात तो आणखी थोडा.

क्रमाबद्दल. जुनी पद्धत होती की ट्रायल ज्या काळात झाल्या त्या क्रमाने औषधं द्यायची. आधी एसीई इनहिबिटर पूर्ण डोसपर्यंत, मग बीटा ब्लॉकर, मग स्पायरोनोलॅक्टोन, आणि एवढं होऊनही त्रास राहिला तर पुढचं. यात सहा महिने सहज जातात आणि डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात. जॉन मॅकमरे आणि मिल्टन पॅकर या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये हा क्रम मोडायला सांगितलं. बीटा ब्लॉकर आणि एसजीएलटी-२ आधी, एक-दोन आठवड्यांनी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, आणखी एक-दोन आठवड्यांनी स्पायरोनोलॅक्टोन. चारही गट महिन्याभरात अंगात. यामागचं गणित असं की प्रत्येक औषधाचा फायदा कमी डोसवरही आणि लवकर दिसतो. एम्पेरर-रिड्यूस्ड ट्रायलमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा फरक बाराव्या दिवशीच संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला होता. म्हणून एका औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा न दिलेल्या गटातलं औषध सुरू करणं बहुतेक वेळा जास्त मोलाचं.

मी स्वतः ठरीव क्रमापेक्षा रुग्ण पाहून सुरुवात ठरवतो. पल्स ९० आणि अंगात पाणी नाही, तर बीटा ब्लॉकर आधी. अंगात अजून थोडं पाणी आहे, तर बीटा ब्लॉकर नवीन सुरू करायला थांबतो आणि एसजीएलटी-२ व स्पायरोनोलॅक्टोनने सुरुवात करतो. पोटॅशियम ३.४ आहे, तर स्पायरोनोलॅक्टोन पहिल्या दिवसापासून. आधीपासून बीटा ब्लॉकरवर असलेला रुग्ण पाणी साठून आला, तर तो थांबवत नाही. शॉकची चिन्हं असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर फार तर डोस निम्मा करतो.

वेग वाढवला तर रुग्णांना ते झेपतं का? २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ ट्रायलने हेच पाहिलं. १,०७८ रुग्ण, सगळे हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट झालेले. एका गटात डिस्चार्जपूर्वी निम्म्या डोसपर्यंत आणि त्यानंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेलं, दुसऱ्या गटात नेहमीसारखे उपचार. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा ॲडमिशन, हे वेगाने वाढवलेल्या गटात १५.२ टक्के आणि दुसऱ्यात २३.३ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल लवकर थांबवली गेली. २०२३ मध्ये युरोपियन सूचनांनी ही पद्धत आपलीशी केली.

पण या ट्रायलचा अर्धाच भाग उचलू नका. त्यात १, २, ३ आणि ६ आठवड्यांनी प्रत्येक रुग्णाला बोलावून तपासलं होतं. बीपी, पल्स, क्रिएटिनिन, पोटॅशियम, एनटी-प्रोबीएनपी, सगळं. ९५ च्या खाली सिस्टोलिक, ५५ च्या खाली पल्स किंवा ५ च्या वर पोटॅशियम असेल तर डोस वाढवायचा नाही असा नियम होता. ही शिस्त नसेल तर काय होतं हे आपण एकदा पाहिलेलं आहे. १९९९ मध्ये रेल्स ट्रायलने स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात हे दाखवलं. त्यानंतर ओंटारिओ प्रांतात हे औषध धडाधड लिहिलं गेलं, आणि एसीई इनहिबिटर घेणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या वयस्क रुग्णांमध्ये पोटॅशियम वाढून ॲडमिट होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं ते २००१ मध्ये ११ वर गेलं. औषध तेच, पण ट्रायलमधली रक्ततपासणी ओपीडीत आली नव्हती. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एका आठवड्याने आणि चार आठवड्यांनी पोटॅशियम झालंच पाहिजे. ज्या रुग्णाची ही तपासणी होणारच नाही याची खात्री आहे, त्याला ते औषध देताना दहादा विचार करावा.

तुमच्या रुग्णासाठी मी असं करीन. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन आज पुन्हा, मूठ वळायला न लावता आणि नमुना हिमोलाइज न होऊ देता (रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं). चिठ्ठीत नसलेलं काय घेतो ते खोदून विचारा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, कमी सोडियमचं मीठ म्हणून पोटॅशियम क्लोराइड, लघवीच्या इन्फेक्शनसाठी ट्रायमेथोप्रिम-सल्फा. ही तीन उत्तरं मिळाली तर निम्मं कोडं तिथेच सुटतं. ॲम्लोडिपिन बंद. अंजायना (हृदयामुळे छातीत दुखणं) नसेल तर नायट्रेटही बंद. फ्युरोसेमाइड ४० एकदाच, आणि रोज सकाळी लघवी करून, खाण्यापूर्वी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. तीन-चार दिवसांनी बीपी १०० च्या आसपास आलं की सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ५० मिलिग्रॅमची गोळी दोनदा, पुन्हा सुरू. मध्ये कोणी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू केलं असेल तर शेवटच्या डोसनंतर ३६ तास जाऊ द्या, अँजिओएडिमाचा (ओठ, जीभ, घसा सुजण्याचा) धोका खरा आहे. एका आठवड्याने रक्त तपासा. पोटॅशियम ५ किंवा खाली असेल तर स्पायरोनोलॅक्टोन १२.५ ने सुरू करा. मेटोप्रोलॉल पल्स पाहून दर दोन आठवड्यांनी वाढवत न्या, लक्ष्य २००.

आणि चिठ्ठीत एसजीएलटी-२ नाहीच. मधुमेही, ईएफ २८, ईजीएफआर ४० च्या आसपास, अशा माणसाला डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन १० न मिळणं ही या चिठ्ठीतली सगळ्यात मोठी उणीव मला वाटते. डोस वाढवायची भानगड नाही, बीपी फारसं उतरत नाही आणि पोटॅशियम वाढण्याचा धोका उलट कमी होतो, त्यामुळे स्पायरोनोलॅक्टोन टिकवायलाही मदत होते. फ्युरोसेमाइड कमी केल्यावर हे सुरू करा. डापा-एचएफमध्ये ४,७४४ रुग्णांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी झाला, आणि मधुमेह असो वा नसो, फायदा सारखाच होता. त्यामुळे साखर नॉर्मल आहे म्हणून न देणं चूक, आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ठीक झालं म्हणून बंद करणंही चूक. ईजीएफआर २० पर्यंत ते सुरू करता येतं.

त्याचे धोके मात्र रुग्णाला नीट समजावून द्या. जननेंद्रियाच्या भागात बुरशीचा संसर्ग, त्यासाठी स्वच्छता आणि खाज आल्यास न लाजता सांगणं. दुसरा धोका क्वचित पण जिवावरचा, कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन साठून आम्ल वाढणं). साखर २५० च्या खाली असतानाही होतो, म्हणून फसतो. हे औषध घेणारा रुग्ण उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास घेऊन आला तर ग्लुकोमीटरवर १८० पाहून निश्चिंत होऊ नका. रक्तातले कीटोन आणि ॲनायन गॅप पाहा. टाइप १ मधुमेहात ही औषधं देऊ नका, इन्सुलिनवरच्या रुग्णाचं इन्सुलिन एकदम फार कमी करू नका. मोठ्या शस्त्रक्रियेआधी तीन दिवस बंद.

याला जोडून आजारपणाचे दिवस. जुलाब, उलट्या, कडक ताप, खाणंपिणं बंद, अशा वेळी डाययुरेटिक, एसजीएलटी-२, स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन तात्पुरतं थांबवायचं, पोटात अन्न टिकू लागल्यावर एक-दोन दिवसांनी परत चालू. बीटा ब्लॉकर अचानक तोडायचा नाही. रुग्णाला हे तोंडी सांगून पुरत नाही, फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्यात परत सुरू करण्याची ओळ सगळ्यात ठळक.

पोटॅशियम वारंवार ५.५ च्या पुढे जात असेल तर स्पायरोनोलॅक्टोन सोडून देण्याआधी पॅटिरोमर किंवा सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट या आतड्यात पोटॅशियम बांधून ठेवणाऱ्या औषधांचा विचार करा. २०२२ च्या डायमंड ट्रायलमध्ये पॅटिरोमरने पोटॅशियम आटोक्यात ठेवून औषधं चालू ठेवता आली, मृत्यू कमी होतात का याचं उत्तर मात्र त्यातून मिळालं नाही. झिर्कोनियमच्या पुडीत सोडियम असतं, सूज वाढते का याकडे लक्ष द्या.

काही गोष्टी भरभर सांगतो. बीटा ब्लॉकर म्हणजे कोणताही नाही. बिसोप्रोलॉल, कार्वेडिलोल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट या तिघांमागे मृत्यू कमी झाल्याचा भक्कम पुरावा आहे. चिठ्ठीवर नुसतं 'मेटोप्रोलॉल' लिहिलं तर टार्ट्रेट मिळू शकतं, आणि अटेनोलॉल इथे चालत नाही. झेपेल तेवढ्या बीटा ब्लॉकरवरही सायनस ऱ्हिदममध्ये (हृदयाच्या नेहमीच्या लयीत) पल्स ७० किंवा वर असेल तर पल्स उतरवणारं इव्हाब्रॅडिन. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहाच्या चाचण्या) एकदा तरी पाहाच. कमतरता असेल तर शिरेतून लोह द्या, त्याने रुग्णाला बरं वाटतं आणि ॲडमिशन कमी होतात, तोंडाने दिलेलं लोह या रुग्णांत कामाचं ठरत नाही. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन आणि सॅक्साग्लिप्टिन टाळा. पायदुखीसाठी कोणी सिलोस्टाझोल लिहिलं असेल तर काढून टाका.

ईएफ ४० च्या वर असेल तर चित्र वेगळं. तिथे एसजीएलटी-२ औषधांचा पुरावा पक्का आहे, २०२१ चं एम्पेरर-प्रिझर्व्ह्ड आणि २०२२ चं डिलिव्हर. २०२४ मध्ये फाइनआर्ट्स-एचएफने फिनेरेनोनचाही फायदा दाखवला. लठ्ठपणा असलेल्यांत सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या जीएलपी-१ औषधांनी लक्षणं सुधारतात. पण कमी ईएफच्या रुग्णाला हे निष्कर्ष तसेच चिकटवू नका, विशेषतः नुकत्याच बळावलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये जीएलपी-१ औषधांबद्दल मी सावध असतो.

सहा महिन्यांनी इको केला आणि ईएफ ४८ आला तर रुग्ण विचारणारच की आता गोळ्या बंद करू का. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रेड-एचएफमध्ये डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून (हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय फुगण्याच्या आजारातून) सावरलेल्या, लक्षणं नसलेल्या रुग्णांची औषधं हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत ४४ टक्के रुग्णांचा आजार उलटला. लहान ट्रायल होती, पण उत्तर पुरेसं स्पष्ट आहे. तुमच्या रुग्णात तर जुन्या अटॅकचा व्रण आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. डाययुरेटिक मात्र कमी करता येतं, अनेकदा बंदही. ईएफ सुधारला नाही, तीन महिने चारही औषधं नीट मिळूनही ३५ किंवा खालीच राहिला, तर आयसीडीसाठी (छातीत बसवायचा डिफिब्रिलेटर) पाठवा. ईसीजीवर लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक आणि क्यूआरएस १५० किंवा जास्त असेल तर सीआरटीसाठी (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारा पेसमेकर). या तीन महिन्यांची गणना अर्धवट औषधांवर करायची नसते, हे औषधं टिकवण्याचं आणखी एक कारण.

शेवटी अशा रुग्णाबद्दल, ज्याच्यावर वरचं सगळं करूनही जमत नाही. ॲम्लोडिपिन काढलं, फ्युरोसेमाइड नेमकं केलं, वेळा विभागल्या, डोस पाव केले, तरी प्रत्येक वेळी सिस्टोलिक ८५ आणि चक्कर. पूर्वी झेपणारा बीटा ब्लॉकर आता झेपत नाही. सोडियम १२८, हातपाय गार, भूक नाही, पाणी काढलं की क्रिएटिनिन चढतं आणि नाही काढलं तरी चढतं. इथे औषध न झेपणं हा औषधाचा दोष नाही, हृदयाचा आउटपुट संपत आल्याचं लक्षण आहे. आयनोट्रोपची (हृदयाचं आकुंचन वाढवणाऱ्या औषधाची) गरज लागणं, वर्षात दोनदा ॲडमिट होणं, डाययुरेटिकचा डोस वाढतच जाणं, डिफिब्रिलेटरचे शॉक बसणं, ही सगळी त्याच पंक्तीतली चिन्हं आहेत. अशा रुग्णाला ट्रान्सप्लांट आणि एलव्हीएडीचा (हृदयाला मदत करणाऱ्या पंपाचा) विचार करू शकणाऱ्या केंद्राकडे किडनी आणि यकृत पुरतं बिघडण्याआधी पाठवायला हवं. त्याच सुमारास घरच्यांशी आणि रुग्णाशी पुढच्या वाटचालीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, पॅलिएटिव्ह उपचारांसह. पाठवताना पत्रात प्रत्येक औषध कोणत्या तारखेला, किती डोसवर आणि नेमक्या कोणत्या कारणाने कमी केलं किंवा थांबवलं ते लिहा, त्या दिवशीचं वजन, बीपी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांच्यासकट.